होळीचा बाजार तीन आठवडे आधी

माझ्या लेकीचे, नवशीचे श्वास मी दिवसातून चार वेळा मोजत होते. ती झोपली की झबलं वर सरकवायचं, मोबाईलवर एक मिनिट लावायचं आणि पोट किती वेळा वर येतं ते बघायचं. पन्नासच्या वर गेले तर तडक घेऊन या, असं नाशिकच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. डिसेंबरात तिला न्यूमोनिया झाला तेव्हा ती पाच महिन्यांची होती. नऊ दिवस ऑक्सिजनवर. निघताना डॉक्टर म्हणाले, "हिला आता कोरोना झाला तर काय होईल, मला सांगता येणार नाही. गर्दीतून आलेल्या माणसाच्या हातात बाळ द्यायचं नाही."

मी मान हलवली. तेव्हा होळी माझ्या डोक्यातही नव्हती.

आमच्या सूर्यमाळच्या पाड्यांवर दिवाळी येते आणि जाते. खरा सण होळीचा. जगायला गेलेली माणसं होळीला परततात, कुणी भिवंडीच्या गोदामातून, कुणी वीटभट्टीवरून. ती आली की होळीच्या आधीच्या शेवटच्या बाजाराला सगळा पाडा एकदम मोखाड्याला उतरतो. एका जीपमध्ये बावीस माणसं, आणि बाजारात तर बांगड्यांच्या दुकानापासून स्टँडपर्यंत पाय ठेवायला जागा नसते. त्यात यंदा नवशीची पहिली होळी. तिला नवं झबलं, गळ्यात साखरेच्या गाठ्यांची माळ, आणि मी कडेवर घेऊन होळीभोवती पाच फेऱ्या घालायच्या.

मार्च लागला होता. अमरावतीकडे पुन्हा सगळं बंद केल्याची बातमी होती. होळी तीन आठवड्यांवर होती आणि मी ठरवलं, शेवटच्या बाजाराला जायचं नाही. लगेच येणाऱ्या बाजाराला जायचं. तेव्हा मोखाडा रिकामा असतो. सकाळच्या पहिल्या जीपने जायचं, दोन दुकानं, परत.

सासूबाईंना, म्हणजे आत्यांना, हे पटेना. सासूला आम्ही आत्याच म्हणतो. माझा नवरा धनेश तेव्हा जगायला भिवंडीला गेलेला होता.

"धनेश अजून आला नाही," त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या. "जगायला गेलेला माणूस परत आल्याबिगर त्याचा सण घरात आणायचा नाही. माझ्या सासूनं आणला नाही, मी आणला नाही."

"त्याचं काहीच आणत नाही, आत्या. शर्ट नाही, टॉवेल नाही. नवशी तर घरातच आहे. तिच्यापुरतं आणते."

"तीन आठवडे आधी?"

"नंतर गर्दी होते."

"गर्दी होते म्हणूनच बाजार." त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. नागलीची भाकरी फुगली तशी उतरवली. मग म्हणाल्या, "तिच्यापुरतंच आण. आणि माळ बाहेर वळचणीला टांग. धनेश आला की आत घेऊ."

एवढं मिळालं, पुष्कळ झालं.

दुसऱ्या दिवशी हापशीवर हिरी भेटली. हिरी आमच्या शेजारची. तिचा नवरा मुकेश आणि आमचा धनेश भिवंडीला एकाच गोदामात होते. तिची पाच वर्षांची रुपी रोज संध्याकाळी नवशीशी खेळायला यायची आणि मी रोज तिचं नाक पुसून, हात धुऊन तिला आत घ्यायचे. हिरीला ते दिसायचं. ती बोलायची नाही, पण दिसायचं.

"बाजारला चाललीस म्हणं," हिरी म्हणाली. "आत्ताच? नवरा नाही, होळी नाही. काय सोनं स्वस्त झालं का?"

मागे चार-पाच बायका हंडे घेऊन उभ्या होत्या. मला म्हणता आलं असतं की मला तुमच्या गर्दीची भीती वाटते. तुमच्या खोकल्याची, तुमच्या नवऱ्यांची, जीपमध्ये मांडीला लागलेल्या मांडीची. पण हे शेजारणीच्या तोंडावर कसं म्हणायचं? नाशिकहून आल्यापासून 'हिला आता आमचा वास येतो' असं एकदा कानावर आलं होतं.

म्हणून मी म्हणाले, "बाजार बंद करणार आहेत म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"मोबाईलवर आलंय."

मोबाईलवर काहीही आलं नव्हतं. आमच्याकडे रेंज पाण्याच्या टाकीशी उभं राहिलं तर येते आणि त्या दिवशी मी टाकीकडे गेलेच नव्हते. पण पाड्यात कॉलेज केलेली सून मी एकटीच. रेशनच्या फॉर्मपासून लसीच्या कागदापर्यंत सगळे मलाच विचारतात. हिरीने हंडा डोक्यावर घेतला आणि मागच्या बाईला म्हणाली, "ऐकलंस? वाचून सांगते ती."

मी खोटं बोलले तेव्हा मला वाटलं की विषय मिटला.

बाजाराच्या दिवशी सकाळी सहाला नवशीचे श्वास मोजले, चाळीस. तिला आत्यांच्या मांडीवर दिलं, तोंडाला दुहेरी रुमाल बांधला आणि फाट्याकडे निघाले. रोहिदासची जीप एरवी भरायला तासभर घेते. तो बोनेटवर बसून विड्या ओढतो आणि वाटेने येणाऱ्या प्रत्येकाला हाक मारतो.

त्या दिवशी तो हाका मारत नव्हता. जीपच्या आत माणसं, टपावर माणसं, मागच्या फळीवर लटकलेली. आणि जीपखाली रस्त्यावर आणखी तीसेक जण, पोरांसकट. वरच्या पाड्याच्या बायका, ज्या मला नावानेसुद्धा ठाऊक नव्हत्या, त्याही आल्या होत्या.

"या वहिनी," रोहिदास म्हणाला. "तुमच्यामुळे आज माझी चौथी फेरी होणार. थांबा, तुम्हाला पुढं बसवतो."

"माझ्यामुळे?"

"तुम्हीच सांगितलं ना, बाजार बंद होतोय म्हणून. खालच्या गावापर्यंत गेलंय. लोकांनी भिवंडीला फोन लावले, माणसं कामं टाकून येताहेत." त्याने मागच्या सीटवरच्या म्हातारीला सरकायला सांगितलं. ती खोकत होती. "चला, बसा."

मी चढले नाही. "कोणाला फोन लावले?"

"आता मी काय सगळ्यांची नावं सांगू? हिरीवहिनीनं तर परवाच लावला. टाकीवर उभी राहून एवढ्या मोठ्यानं बोलत होती की भिवंडीला फोनशिवाय ऐकू गेलं असेल."

जीपमधले हसले. मी वळले आणि चालायला लागले. मागून कुणीतरी म्हणालं, "आता हीच जात नाही. हिला आत्ताच काही कळलं वाटतं." चार-पाच जण जीपमधून उतरल्याचा आवाज आला. मी मागे बघितलं नाही.

टाकीशी आले तेव्हा धाप लागली होती. धनेशला फोन लावला. दोन वेळा लागला नाही. तिसऱ्यांदा लागला तेव्हा मागे इंजिनाचा आवाज होता.

"कुठे आहेस?"

"खोडाळ्याच्या पुढं आलो. टेम्पोत आहे. तुला सांगणारच होतो, पण म्हटलं एकदम दारात उभं राहावं." त्याला ठसका लागला. "मुकेश म्हणाला बाजार बंद होतोय, मग होळीला येऊन काय करू? चौदा जण आहोत. सगळे आपल्याच भागातले."

"तू खोकतोयस."

"धूळ आहे. टेम्पोला मागं ताडपत्री आहे नुसती."

"ताप आहे का?"

धनेशला खोटं बोलता येत नाही, ते मीच शिकले आहे. "काल रात्री थोडं अंग गरम होतं," तो म्हणाला. "आज नाही."

मी पळत घरी आले. नवशी आत्यांच्या मांडीवर पेज खात होती, हनुवटीपर्यंत माखलेली. "काय, रिकाम्या हातानं?" आत्यांनी विचारलं. मी त्यांना सगळं सांगितलं. हापशीवर काय बोलले, तेही. आत्यांनी नवशीचं तोंड पदराने पुसलं, पेजेची वाटी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "म्हणजे माझ्या पोराला तूच बोलावलंस."

"हो."

"आणि आता?"

"आता त्याला घरात घेऊ नका."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, आता ही बाई मला माहेरी पाठवणार. उन्हं चढली होती. आमचं खळं घरापासून शंभर पावलांवर. तिथे भात झोडायच्या दिवसांत उभी केलेली पेंढ्याची खोप अजून होती. मी गोधडी, माठ, एक ताट आणि नाशिकहून आणलेल्या तापाच्या गोळ्या तिथे नेऊन ठेवल्या. परत येते तोच वाटेवर धनेश दिसला. खांद्याला पिशवी, एका हातात गाठ्यांची माळ, गुलाबी.

"तिथेच थांब," मी म्हणाले.

त्याला वाटलं, थट्टा करते. तो हसत पुढे आला. नवशी दारातून त्याच्याकडे हात टाकायला लागली. तीन महिन्यांनी बघूनही तिने ओळखलं. आत्या तिला घट्ट धरून उभ्या होत्या आणि मला खात्री नव्हती की त्या तिला धरून ठेवतील.

"धनेश, थांब म्हणते ना. खळ्यावर जा. दहा दिवस."

"दहा दिवस? मी माझ्या पोरीला..." त्याला पुन्हा ठसका लागला. तो वाकून खोकला, बराच वेळ. सरळ झाला तेव्हा त्याचं हसू गेलं होतं. त्याने आईकडे बघितलं.

आत्या नवशीला घेऊन आत वळल्या. आतून म्हणाल्या, "खळ्यावर जा, लेका. जेवण दगडावर ठेवीन. ताट तुझं तूच घास."

त्याने माळ आणि पिशवी कुंपणाच्या काठीला अडकवली आणि गेला.

मी दारातच बसले. दहा मिनिटं झाली नसतील, हिरीच्या घरातून रुपीचं खिदळणं ऐकू आलं. मुकेश आला होता. त्याच टेम्पोतून, त्याच ताडपत्रीखालून. रुपी त्याच्या खांद्यावर बसली असेल. संध्याकाळी ती नवशीशी खेळायला येणार होती. तिला मी दारातून हाकलू शकत होते. पण हिरीच्या घरात तिची म्हातारी सासूही होती, दम्याची.

हिरी अंगणात भांडी घासत होती. मी कुंपणाशी उभी राहिले.

"काय गं, बाजारला गेली नाहीस? आमचा माणूस तर चहा पिऊन आत्ता निघतोय."

"हिरे, मोबाईलवर काही आलं नव्हतं."

तिचा हात थांबला.

"मी मनानेच सांगितलं. मला बाजारच्या गर्दीची भीती वाटत होती आणि ते तुझ्यासमोर म्हणायची लाज वाटली. बाजार बंद होतोय की नाही, मला माहीत नाही. धनेशला ताप होता. मी त्याला खळ्यावर ठेवलंय. मुकेश त्याच्याच शेजारी बसून आलाय."

हिरीने राखेचा हात झटकला. मला वाटलं, आता ती सगळा पाडा गोळा करील.

"भीती वाटते तर भीती वाटते म्हणायचं," ती म्हणाली. "रोज माझ्या पोरीचं नाक पुसतेस तेव्हा मला काय कळत नव्हतं? मी काय आंधळी आहे? रुपीच्या बापाची हजेरी बुडाली, तुझ्या लाजेपायी." मग तिने आत तोंड करून हाक दिली. "अहो, पोरीला खाली ठेवा. गोधडी घ्या. तुमचा दोस्त खळ्यावर एकटाच बसलाय."

"हिरे..."

"तू बोलू नकोस आता. चार दिवस तरी बोलू नकोस माझ्याशी."

ती बोलली नाही. चार नाही, आठ दिवस. पण मुकेश खळ्यावर गेला, आणि तिसऱ्या दिवशी तोही तापला.

धनेशने आणलेली पिशवी कुंपणावरच होती. उन्हाने माळेचा गुलाबी रंग एका बाजूने फिका पडला आणि मुंग्यांनी खालच्या दोन गाठ्या पोखरल्या. आत्यांनी ती आत आणली नाही. त्यांच्या हिशेबाने धनेश अजून घरी परतलेला नव्हता.

रोज सकाळी नवशी झोपेत असतानाच मी श्वास मोजायचे आणि दाराबाहेर येऊन उभी राहायचे. खळ्यावर धनेश आधीच उठून वाट बघत असायचा. मी आधी दोन्ही पंजे उघडझाप करून दहा-दहा दाखवायचे, मग उरलेली बोटं. चाळीस. एक्केचाळीस. एकदा सेहेचाळीस, तेव्हा तो दिवसभर उभाच होता आणि मी दर तासाला बाहेर येत होते.

आज नववा दिवस. हापशीवर हिरी माझ्या मागे उभी होती. माझा हंडा भरला तसा तिने तो न विचारता उचलून माझ्या डोक्यावर ठेवला. "किती?" एवढंच म्हणाली.

"एकोणचाळीस."

"आमच्या म्हातारीचंही मोजून बघशील का," ती म्हणाली. "कुंपणाबाहेरनं."