वावटळीचे पंख

"फारुख टेलर इथंच राह्यतात का?"

दारातल्या मुलीच्या काखेत जुन्या चादरीत बांधलेलं बोचकं होतं. बसस्टँडपासून विचारत विचारत ती अकोल्याच्या या गल्लीपर्यंत आली असावी, कारण कपाळावर घाम होता आणि चपला धुळीनं भरल्या होत्या. अनवरीनं मशीनचं चाक हातानं थांबवलं. सुईखाली शाळेच्या गणवेशाची निळी बाही होती.

"राह्यत होते. पाच वर्सं झाले त्यायले जाऊन. तुमी कोन?"

मुलगी ओशाळली. "माफ करा, चाची. मले माहीत नव्हतं. मी पौर्णिमा. अमरावतीहून आली. खुशालरावची मुलगी." आणि तेवढ्यानं ओळख पटणार नाही असं वाटून तिनं पुढे जोडलं, "वावटळवाले खुशालराव."

ते नाव अनवरीनं या घरात बऱ्याच वर्षांनी ऐकलं. ती उठली, स्टुलावरचे कापडाचे तुकडे बाजूला सारले आणि म्हणाली, "आत ये, बेटा. बस."

तीस वर्षांपूर्वी अकोल्यात किंवा अमरावतीत वावटळ माहीत नसलेला माणूस शोधावा लागला असता. चार पोरं होती. गिटार, ड्रम, ऑर्गन आणि गाणारा खुशाल. गाणी त्यांची स्वतःची, वऱ्हाडीत, पण वाजवणं असं की मंडपाच्या कनाती हलाव्यात. चौघंही चेहरे पांढरे रंगवत आणि एका डोळ्याभोवती काळी चांदणी काढत. खुशाल तोंडात रॉकेल घेऊन जाळ काढायचा. आणि शेवटच्या गाण्याला तो दोन्ही हात वर करायचा, तेव्हा त्याच्या पाठीवर सहा-सहा फुटांचे काळे पंख उघडायचे. म्हातारी माणसं वावटळला भुताची पार्टी म्हणत आणि पहिल्या रांगेत जाऊन बसत. कापूस घरात आला की गावोगावची मंडळं त्यांना बोलावत. तिवसा, मूर्तिजापूर, एकदा तर पार चिखलदऱ्याला.

दहा-अकरा वर्षांत पार्टी मोडली. ड्रमवाल्याला एसटीत नोकरी लागली, ऑर्गन बिघडला, बोलावणारी गावंही हात आखडू लागली. पण तिवस्याच्या लग्नातले बँडवाले अजून पाठीवर काळा झगा घालतात. तान्ह्या पोळ्याला लहान पोरं लाकडी बैलाच्या एका डोळ्याभोवती काळी चांदणी काढतात. का काढतात, ते त्यांना ठाऊक नाही. त्यांच्या बापांनी काढली होती, म्हणून काढतात.

पौर्णिमेनं बोचकं सोडलं. आतून काळ्या साटिनच्या चिंध्या आणि गंजलेल्या छत्रीच्या काड्या निघाल्या.

"मी वलगावले शाळेत शिकवते," ती सांगू लागली. "आमी चौघीजणी मिळून बाबाचीच गाणी बसवून राहिलो. शाळेच्या गॅदरिंगले करायचं हाय. वर्गात पोरं बोलतच नाईत, चाची. यंदा माह्याच वर्गातल्या तिघांचे बाप गेले. विचारलं तर मान खाली. म्हटलं, एक दिवस तरी या पोरायनं गळा फाडून ओरडलं पायजे. हेडसरायनं हो म्हटलं. पन पंख शिवाले कोनी टेलर तयार नाई. पाहतात अन् म्हनतात, बाई, हे छत्रीवाल्याकडे न्या. बाबा म्हने, फारुखभाईच्या घरी जा, त्यायनं कोनाले शिकवलं असन."

अनवरीनं एक काडी उचलली. काडीच्या टोकाला काळ्या दोऱ्याची गाठ अजून घट्ट होती.

"हे त्यायनं नाई शिवले," ती म्हणाली. "मी शिवले."

पौर्णिमा पाहतच राहिली.

गोष्ट साधी होती. दुकानात फारुख शर्ट-पँट शिवायचा. वावटळची ऑर्डर आली तेव्हा त्यानं खुशालची मापं घेतली, चिठ्ठीवर लिहिली आणि चिठ्ठी घरी आणली, कारण असलं नाजूक काम त्याच्या हाताला जमत नसे. अनवरी तेव्हा एकोणीस वर्षांची होती. आठवडी बाजारातून जुन्या छत्र्या आणून तिनं काड्या सोडवल्या. त्यांवर साटिन ताणलं. बाहीतून सुतळी ओवून ती मनगटाच्या कडीला बांधली, म्हणजे हात वर गेला की पंख उघडावेत. बांबूला पंख बांधून ती दिवसभर उघडझाप करत बसली होती. शेजारच्या बाया हसत होत्या. पुढे दर दोन वर्षांनी नवे पंख लागत आणि दरवेळी चिठ्ठी घरी येई.

वावटळचा कार्यक्रम मात्र तिनं कधी पाहिला नाही. तिला कोणी नको म्हटलं नव्हतं. चल, असंही कोणी म्हटलं नव्हतं. फारुख सायकलवर ट्रंक बांधून जायचा, आणि परत आला की भाकरी खाता खाता सांगायचा, "क्या खुले, अनवरी! पब्लिक खडी हो गई." तेवढ्यावर तिचं पोट भरायचं.

"म्हंजे तिवस्याचेही तुमचेच?" पौर्णिमा एकदम हसली. "बाबा अजून सांगतात न तो किस्सा! शेवटचं गानं चालू, बाबायनं हात वर केले, अन् एकच पंख उघडला. दुसरा अडकला. लोक हसाले लागले. तं फारुखचाचा मागून धावत स्टेजवर गेले अन् दुसरा पंख हातानं ताणून उभे राह्यले. सारं गानं संपेपर्यंत! कोनी टमाटा मारला तं त्यायच्याच छातीवर लागला. बाबा म्हनतात, असा मानूस..."

बोलता बोलता ती थांबली, कारण अनवरी हसत नव्हती.

"तुमाले नव्हतं माहीत?"

"नाई."

"चाची, मी उगाच..."

"कोन्त्या साली?"

"माह्या जन्माच्या साली. ब्याऐंशी."

ब्याऐंशी. त्या वर्षी फारुख तिवस्याहून आला तेव्हा त्याच्या पांढऱ्या शर्टावर डाग होता. रस्त्यात पडलो, म्हणाला होता. आणि पंख? बहुत खूब, म्हणाला होता. डाग काढायला तिनं शर्ट दोनदा चुन्याच्या पाण्यात भिजवला होता.

"तू चहा घेशीन न?" असं म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. सून यास्मीन तिथं पीठ मळत होती. अनवरीनं चहाचं आधण ठेवलं आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहत उभी राहिली.

"क्या हुआ अम्मी?" यास्मीननं विचारलं.

"कुछ नहीं. तेरे ससुर झूठ बोलते थे."

तिला राग आला होता. सगळ्या अकोल्यात पंख फारुख टेलरचे म्हणून मिरवले, त्याबद्दल तिनं कधी तक्रार केली नव्हती. पण बिघाड झाला तो तिच्या हातच्या कामात. तो तिला सांगायला हवा होता. सांगितला असता तर तिनं दुसऱ्याच दिवशी दुरुस्त केला असता. नंतर चहा गाळताना तिच्या मनात आलं, नाव त्यांचं झालं तशी फजितीही त्यांनीच घेतली; माझ्यापर्यंत येऊ दिली नाही. आणि मग पुन्हा राग आला, पण आता त्याला पहिल्यासारखी धार नव्हती.

कप घेऊन ती बाहेर आली. गळ्यात टेप अडकवला. "उभी राह्य. माप घेतो."

पुढचे तीन आठवडे गणवेशांचं काम बाजूला राहिलं. छत्र्या आता जुन्यासारख्या मिळत नव्हत्या. घडीच्या छत्रीची काडी मध्येच मोडते. कौलखेडच्या एका म्हाताऱ्या छत्रीवाल्याकडे तिला हव्या तशा लांब काड्या सापडल्या. डोळ्यांनी सुईत दोरा ओवला जात नव्हता, तो यास्मीन ओवून द्यायची. बांबूला बांधून अनवरीनं पंख शंभरदा उघडले, शंभरदा मिटले. कुठेही अडकत नव्हते. तरी तिवस्याला का अडकला, ते तिला कळत नव्हतं.

पंख न्यायला पौर्णिमा आली तेव्हा म्हणाली, "चाची, तुमाले या लागते. परवा. दुपारी तीनला. मी रिक्षा घेऊन स्टँडवर थांबते."

"मी कायले? माह्यं काम झालं."

"मी म्हनून राहिली न, या लागते."

"चलो ना अम्मी," यास्मीन आतून म्हणाली. "मैं भी देखूंगी."

अनवरी पंखांची घडी करत राहिली. पण तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं ट्रंकेतला चांगला ओढणीचा जोड काढला, आणि दोघी अमरावतीच्या एसटीत बसल्या.

वलगावच्या शाळेचं पटांगण भरलं होतं. गावातली माणसं भिंतीवर, झाडाखाली, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसली होती. पहिल्या रांगेत एक बारीक, टक्कल पडलेला म्हातारा होता. पौर्णिमेनं ओळख करून दिली, पण कर्ण्यांशेजारी वर्षानुवर्षं उभं राहून खुशालरावांचे कान गेले होते. अनवरीचं नाव लेकीनं कानाशी ओरडून सांगितलं. त्यांनी हात जोडले, खुर्ची तिच्याकडे सरकवली आणि स्वतः चपला काढून पाय जमिनीवर टेकवले. ड्रम त्यांना तळपायातून कळायचा.

मग चौघी आल्या. पांढरे चेहरे, डोळ्याभोवती चांदणी. पोरं आधी गप्प होती. पहिल्या ठोक्याला दोन-तीन लहान मुली दचकून रडल्या. दुसऱ्या गाण्याला मागच्या रांगेतला कोणी तरी मोठा माणूस सोबत गाऊ लागला. त्याला शब्द पाठ होते. मग ट्रॉलीतून आणखी आवाज आले. पोरं वळून आपल्या गावातल्या माणसांकडे पाहू लागली, जणू ती त्यांना पहिल्यांदाच दिसत होती. आणि मग पोरंही ओरडू लागली. सुरात नाही, नुसतीच. हेडसर कानावर हात ठेवून हसत होते.

अनवरी ओरडत नव्हती. ती पौर्णिमेच्या खांद्यांकडे पाहत होती.

मुलगी उड्या मारत होती. कमरेत वाकत होती, गिटारवर हात मागे खेचत होती, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत धावत होती. अनवरीच्या डोळ्यांसमोर इतकी वर्षं गाणारा माणूस बांबूसारखा ताठ उभा होता. चिठ्ठीवरची मापं हात खाली सोडून घेतलेली, शर्टाला घेतात तशी. यावेळी तिनं स्वतः घेतलेलं मापही तसंच होतं.

शेवटचं गाणं आलं. पौर्णिमेनं दोन्ही हात वर केले. उजवा पंख सरसर उघडला. डावा अर्ध्यावर थांबला. अनवरी खुर्चीतून उठली. पौर्णिमेनं हात आणखी जोरात वर ओढला, काखेत काहीतरी टरकन फाटलं, आणि डावा पंखही पूर्ण उघडला. अख्खं पटांगण उभं राहिलं. खुशालराव बसूनच राहिले, तळपाय जमिनीला घट्ट लावून.

कार्यक्रम संपला तेव्हा ऊन कललं होतं. पोरं खुर्च्या उचलून वर्गात नेत होती आणि बसलेल्या आवाजात एकमेकांना हाका मारत होती. पौर्णिमा घामानं ओली, रंग गालावर ओघळलेला, अनवरीकडे आली.

"चाची, फाटला. माह्यानं जोरात ओढला गेला."

"तुह्यी चूक नाई. काढ."

अनवरी स्टेजच्या पायरीवर बसली. काखेतली शिवण तिनं उलटी करून उजेडात धरली. साटिन ओलं आणि गरम होतं. फाटलेल्या जागेवर तिनं आपली दोन बोटं आडवी ठेवली.

"एवढं जास्त द्याले पायजे होतं," ती म्हणाली. "हात वर गेला की काख वर ओढते, सुतळी आवळते. अन् पंख अडकते."

"मंग कसं करायचं?"

"हात वर करून माप घ्या लागते. पाह्यलं असतं तं पयल्यांदाच दिलं असतं."

यास्मीननं पिशवीतून कात्री काढून दिली. अनवरीनं चष्मा पुसला आणि मागची पोरं खुर्च्या आपटत जात असताना एकेक टाका उसवायला सुरुवात केली.