माय, दाबून धर

हळ्ळीखेडच्या घरासमोर नागेशनं गाडीचं मागचं चाक काढलं आणि आईला स्टिअरिंगमागं बसवलं. ब्रेकची नळी त्यानं स्वतःच बदलली होती. आता आत शिरलेली हवा काढायची होती. सुमनबाई त्या सीटवर पहिल्यांदाच बसत होत्या. गुडघा दुखत होता, तरी पदर खोचून तयार झाल्या.

"मी म्हणलो की दाबायचं. सोड म्हणेपर्यंत सोडायचं न्हाई."

"व्हय."

तो चाकाजवळ आडवा झाला. आई पेडल दाबून धरी, तो चाकामागचा हवा काढायचा स्क्रू सैल करी, तेलासोबत बुडबुडे खाली लावलेल्या बाटलीत उतरत. मग स्क्रू आवळून तो "सोड" म्हणे. बुडबुडे कमी होत आले आणि अचानक पुन्हा वाढले. पेडल भसकन खाली जायला लागलं.

"माय, तू आधीच सोडायलीस!"

"न्हाई रे, धरूनच बसलेय."

शेजारच्या रुद्रम्मा कुंपणापाशी धुणं वाळत घालत होत्या. त्यांच्या देखत नागेश ओरडला, "मग हवा कुठनं यायलीय? एवढंबी जमंना तुला! तुला बसवलं हेच चुकलं माझं."

सुमनबाई गुडघ्यावर दोन्ही हात रेटून पेडल दाबत राहिल्या. रुद्रम्मा खाली मान घालून आत गेल्या.

थोड्या वेळानं नागेशनं बॉनेट उघडलं. ब्रेक ऑइलची डबी कोरडी पडली होती. हवा तिथूनच ओढली जात होती, आणि डबी भरत राहणं हे त्याचं काम होतं. बॉनेटआड आईचा चेहरा दिसत नव्हता, याचं त्याला बरं वाटलं; बरं वाटल्याची लाजही वाटली.

डबी भरून त्यानं मुकाट्यानं पुन्हा सुरुवात केली. शेवटी पेडल घट्ट झालं.

"जमलं की रे मला!" सुमनबाई हसल्या.

आता त्याला राहवेना. "माय, तुझं चुकलंच नव्हतं. डबीतलं तेल संपलं व्हतं. मीच बघितलं न्हाई."

त्यांचं हसू मावळलं. "मग मला बोललास कामून?"

त्यानं बॉनेट लावून टाकलं.

"आता एकटीला सांगायलास. बोलताना रुद्रम्मा उभी व्हती."

तेलकट हातांनीच तो शेजारच्या दारात गेला आणि त्यानं सगळं सांगितलं. रुद्रम्मा संकोचल्या. "असू दे अण्णा, घरातलं बोलणं." त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परत येऊन त्यानं चाक बसवलं. आत आई भाकरी थापत होती.

"माय, चल, चक्कर मारू."

"तू ये जाऊन."

हुमनाबादच्या रस्त्यावर त्यानं ब्रेक दाबला, तशी गाडी जागच्या जागी थांबली. ब्रेक उत्तम लागत होता. ते कुणाला सांगावं, असं त्याला वाटेना.