सोडलेल्या सांडाला सुई

एकोणीसशे सत्तावन्न साली बुळकांडीच्या साथीनं काशीत भोसले घाटाजवळच्या गाई पटापट मेल्या. कालिंदीनं नवऱ्याच्या अकराव्याला त्याच्या नावानं पुण्य म्हणून मोकळा सोडलेला सांड त्याच गल्ल्यांत हिंडत होता. सरकारी डॉक्टर दातार लस घेऊन आले आणि सांडाला बांधा म्हणाले.

"सोडलेल्या वृषभाला पुन्हा दोरी? घोर पाप!" दत्तूभटजी गरजले.

"आणि हगवणीनं तडफडून मेला, तर पुण्य का हो?" कालिंदी कडाडली. "तुमच्या शास्त्राला दक्षिणा तेवढी दिसते, जनावराचा जीव दिसत नाही!"

"काकू, एक जनावर राहिलं तरी रोग राहतो," डॉक्टर म्हणाले. "तो साऱ्या दुनियेतून हाकलायचाय."

"मग दोरीवाचून अडलंय कुठं?"

ती सांडाच्या गळ्याखाली खाजवू लागली. नवऱ्याचं नाव तिनं जन्मात घेतलं नव्हतं. "अहो, जरा हलू नका बरं," ती पुटपुटली. सांडानं डोळे मिटले. सुई टोचून झाली, तरी मिटलेलेच.

भटजी घुटमळले. "आमच्या यजमानांचा एक सांड मणिकर्णिकेपाशी आहे. त्याला कोण खाजवणार?"

"तुम्हीच! त्याची दक्षिणा कुणी खाल्ली? चला, डॉक्टर."