रेक्झिन तेल पीत नाही

"हलकट कावळे. सगळ्या साजगावात ह्यांना दुसरी जागा नाय. बरोब्बर शिवणीवर बसून करतात."

खंडेनवमीची सकाळ होती. मी मोरीच्या दगडावर भांडी घासत होते आणि माझ्यापासून हातभर अंतरावर आमचे हे मोटरसायकलची सीट पायांवर घेऊन बसले होते. सीट गाडीवरून उतरवायची, पाय लांब करायचे आणि त्यांवर ती आडवी घ्यायची, ही त्यांची पद्धत. तान्ह्या पोराला न्हाऊ घालणारी बाई बसते ना, तसे. गाडीवरच पाणी ओतलं की ते शिवणीतून आत जातं, आतला फोम भिजतो आणि मग जो वास धरतो तो दिवाळीपर्यंत जात नाही. लग्न होऊन आले तेव्हा ह्यांनी मला पहिल्यांदा समजावून सांगितलं ते हे. बाकीच्या बायकांना नवरे काय सांगतात, मला माहीत नाही.

"पावसाळ्यात सीटला पिशवी बांधा म्हणून सांगत होते मी," मी म्हटलं.

"पिशवीनंच तर बुरशी येते. आत घाम धरतो. तुला काय कळतंय."

जुना टूथब्रश शाम्पूच्या पाण्यात बुडवून ते शिवण घासायला लागले. कावळ्याचा डाग डाव्या बाजूला होता. ब्रश उजव्या बाजूला चालला होता. चांगली स्वच्छ शिवण, पण तिलाच घासून घासून त्यांनी फेस काढला. पूर्वी असं काही करताना विचारायचे, "गेला का गं डाग?" आता विचारत नाहीत. विचारलं असतं तर मला उत्तर द्यावं लागलं असतं.

मी तवा घासायला घेतला. तव्याचा आवाज मोठा असतो, त्याच्या आड गप्प बसता येतं.

मे महिन्यात साईराज, आमचा मुलगा, पुण्याहून आला होता आणि ह्यांना पनवेलला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेला होता. ह्यांची साखर जुनी, ती डोळ्यांत उतरली. संध्याकाळी दोघं परत आले. मी विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?"

"थेंब दिलेत," हे म्हणाले आणि आत गेले.

साईराज उंबऱ्यात चपला काढत होता. त्या दिवशी त्याला चपला काढायला फार वेळ लागला. पुण्याला परत निघताना मला म्हणाला, "आई, बाबांना गाडी जपून चालवायला सांग." चालवू देऊ नको, असं नाही म्हणाला. नेरळला दिलेली आमची हर्षला फोनवर म्हणते, "बाबा रिक्षानं आले तरी चालतील हां." चालतील. शेजारचा धाकलू तर त्याहून हुशार. तो आता ह्यांना रस्त्यात भेटला की लांबूनच ओरडतो, "सखादादा, मी धाकलू!" जन्मभर एका भिंतीला भिंत लावून राहिलेला माणूस, आणि स्वतःचं नाव सांगतो. हे म्हणतात, "धाकलूचा आवाज हल्ली फार चढलाय."

आणि मी? मी मागे बसते.

कंपनीतून सुटल्यापासून ह्यांना दुसरं काही उरलेलं नाही. भातशेती अर्धेलीनं दुसऱ्याला कसायला दिलीय. पत्ते खेळत नाहीत, देवळात बसत नाहीत. गाडी आहे. कोणाची बाई अडली, कोणाला ताप चढला, कोणाची शेवटची एसटी चुकली, की लोक ह्यांच्या दाराशी यायचे. हर्षला कर्जतला कॉलेजात जायची ती याच सीटवर बसून. आता कोणी येत नाही. पण हे रोज सकाळी गाडी पडवीतून बाहेर काढतात, पुसतात, परत आत घेतात. त्यांना पडवीत बसून राहा म्हणून सांगायचं कुणी?

म्हणून खोपोलीच्या बाजाराला निघाले की मीही पिशवी घेऊन मागे चढते. त्यांना समोरचं अगदीच दिसत नाही असं नाही. धुरकट दिसतं, मधलं जातं, मोठं काही असलं तर उशिरा कळतं. मग मी बोलते. "अगं बाई, केवढी म्हैस ही! रस्त्याच्या मधोमध!" की ते हळू करतात. "टेंपोवाल्यांना काही शिस्तच नाही हो, डावीकडे घुसतात." की ते उजवीकडे सरतात. कोणी ऐकलं तर म्हणेल, काय वटवट करते ही बाई. हेही म्हणतात, "किती बोलतेस गं." आणि मी गप्प बसले की गाडीचा वेग आपोआप कमी होतो.

गणपतीत मी क्षणभर पदर सावरायला खाली पाहिलं, तेवढ्यात सायकलवाला एक म्हातारा आमच्या आरशाला घासून गेला. शिव्या देऊन गेला बिचारा. त्या दिवसापासून मी पदराला पिन लावते. याहून मोठी हिंमत माझ्यात आली नाही.

तर खंडेनवमी. सीट सावलीत वाळली. उन्हात ठेवली की रेक्झिन तडकतं, म्हणून सावलीत. मग खोबरेल तेल. नेहमीची रीत अशी, की जुन्या गंजीफ्राकच्या चिंधीवर चार थेंब घ्यायचे, सगळीकडे फिरवायचे आणि लगेच कोरड्या फडक्यानं घासून काढायचे. नुसती चकाकी राहिली पाहिजे, हाताला तेल लागता कामा नये. तेल राहिलं तर मागचं माणूस ब्रेकला पुढं घसरतं. हेही मला त्यांनीच सांगितलेलं.

त्या दिवशी बाटली तिरकी झाली ती तिरकीच राहिली. चकाकी दिसेना म्हणून ते ओतत राहिले. तेल सीटच्या कडेनं ओघळून त्यांच्या लेंग्यावर आलं तेव्हा थांबले. अर्धी सीट तेलानं न्हाली आणि अर्धी कोरडी. त्यावर हात ठेवून ते जरा बसले. मग म्हणाले, "झाली."

"छान झाली," मी म्हणाले.

दुपारी ते आडवे झाले, घोरू लागले, तशी मी पडवीत गेले. बेसन टाकून तेल उतरवलं, शाम्पूच्या पाण्यात फडकं पिळून दोनदा पुसलं. कावळ्याचा डाग वाळून खडा झाला होता, त्यावर ओली चिंधी ठेवून तो फुगेपर्यंत वाट पाहिली. नखानं खरवडला असता तर रेक्झिनला चरा पडला असता. मला आता हे सगळं त्यांच्याइतकंच येतं. कोणी शाबासकी देणारं नाही, कारण मी हे करते हेच कुणाला सांगायचं नाही. मला कोणाशी तरी बोलायचं होतं. ज्यांच्याशी बोलायचं होतं ते आत घोरत होते, आणि जागे असते तरी आम्ही दोघं कावळ्यांविषयीच बोललो असतो.

दसऱ्याला सकाळी गाडीला झेंडूची माळ घातली. दिव्यावर ह्यांनी बोटानं कुंकवाचं स्वस्तिक काढलं. त्याचा एक पाय काचेवरून उतरून पत्र्यावर गेला. धाकलू सोनं द्यायला आला होता, तो म्हणाला, "दादा, स्वस्तिक एक नंबर!" सीटला मात्र हे कधी कुंकू लावत नाहीत. बसायची जागा ती, माणसाच्या कपड्याला डाग पडतो. त्या दिवशीही लावलं नाही. नुसता हात ठेवला. मग तळवा पुढून मागपर्यंत फिरवला. मग डावी शिवण चाचपली. परत फिरवला.

"तेल लावलं व्हतं मी."

"मुरलं असेल," मी म्हणाले.

"मुरलं?"

"रात्रभरात."

"रेक्झिन काय भाकरी हाय का गं, तेल प्यायला?"

धाकलूला एकदम काहीतरी काम आठवलं आणि तो गेला. मी आपट्याची पानं पिशवीत भरू लागले. भरलेलीच होती, ती काढून परत भरली. ह्यांनी हेल्मेट घातलं, किक मारली आणि मी चढेपर्यंत थांबले.

नेरळला जायचं होतं, हर्षलाकडे. दरवर्षीचं ठरलेलं, दसऱ्याला सोनं घेऊन लेकीकडे. आणि दरवर्षीचं दुसरंही ठरलेलं. तिची मुलगी रुचिता, तिला पूजेच्या गाडीवर पुढे बसवून आजोबांनी त्यांच्या सोसायटीला चक्कर मारायची, बाहेर रस्त्यापर्यंत जाऊन परत. तेव्हा मी मागे नसते. मागे कोणीच नसतं. पुढे फक्त ती, टाकीवर दोन्ही हात ठेवून. हीच गोष्ट रात्रभर माझ्या उशाशी बसली होती. आज नेरळ यायच्या आत मला ती बोलायचीच होती.

खोपोली सोडली. "ट्रक हो, केवढा आवाज करतोय." पळसदरी गेलं. "ही पोरं बघा, रस्त्यात क्रिकेट." ते हळू झाले. कर्जत आलं, झेंडूवाल्यांनी अर्धा रस्ता अडवलेला, मी फुलांचे भाव ओरडत सुटले. पुढे भिवपुरीच्या अलीकडे रस्ता मोकळा मिळाला. दोन्ही बाजूंना भात पिवळं व्हायला लागलं होतं. आता बोलू, म्हणून मी तोंड उघडलं.

"अवो..."

"काय?" त्यांनी लगेच ब्रेक लावला. काही आडवं आलं असं वाटलं त्यांना.

त्यांची पाठ ताठ झाली होती. मानेवर घाम. दोन्ही हातांनी हँडल असं धरलेलं, की बोटं पांढरी पडलेली. किती वाजल्यापासून हा माणूस असा ताठ बसलाय, आणि माझं लक्ष आपलं रस्त्यावर.

"काही नाही," मी म्हणाले. "भात छान आलंय यंदा."

साजगाव ते नेरळ मी तोंड मिटलं नाही, आणि एक गोष्ट बोलले नाही.

हर्षला गॅलरीतून बघत होती. आम्ही गेटमधून आत आलो तशी ती धावत खाली आली. तिच्या मागे तिचा नवरा मनोज आणि सगळ्यांच्या पुढे रुचिता, नवा परकर सावरत. मी उतरले. हे उतरले. रुचिता फुटरेस्टवर पाय देऊन चढलीसुद्धा आणि सीटच्या पुढच्या टोकाला जाऊन बसली.

"आबा, चक्कर!"

"आता नको गं," हर्षला म्हणाली, "ऊन किती आहे. आजारी पडशील."

"आबांना आधी पाणी तर पिऊ दे," मनोज म्हणाला. "आणि पेट्रोल पण कमी असेल."

"श्रीखंड वितळतंय वर," मी म्हणाले. फ्रिजमधलं श्रीखंड.

"एकच चक्कर! दर वर्षी मारतात!" तिनं आमचं एकेकाचं तोंड बघितलं. "तुम्ही सगळे असं काय करताय?"

हर्षला तिच्या परकराची घडी सारखी करू लागली. मनोज गेटकडे बघत राहिला. गाडीचं इंजिन गरम होतं, ते टिकटिक करत निवत होतं.

ह्यांनी हेल्मेट काढून आरशाला अडकवलं. पहिल्यांदा आरसा चुकला, दुसऱ्यांदा लागला. मग खिशातलं फडकं काढलं आणि रुचिताच्या मागची रिकामी सीट पुसली. काल मी पुसली होती ती, जिथं काहीच नव्हतं. अंगठा शिवणीवरून फिरत फिरत तिच्या परकराला लागला, तिथं थांबला.

"तुझ्या आजीनं सीट काय सुरेख पुसलीये," ते म्हणाले. "माझ्यापेक्षा बरी."

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"उतर गं बाय," त्यांनी रुचिताला काखेत धरून खाली ठेवलं, आणि किल्ली तिच्याकडे नाही, मनोजकडे नाही, माझ्या पिशवीच्या आवाजाच्या दिशेनं धरली. "आबाला दिसत नाय."