प्राथमिक बास्केटबॉल, एक क्रेडिट

टेरेल ब्रॉडनॅक्सला कॅन्ससमधल्या दोन वर्षांच्या कॉलेजातून नेब्रास्कातल्या आमच्या विद्यापीठात आणलं, ते त्याच्या दोन पावलांसाठी. बास्केटकडे झेपावताना तो एक पाऊल डावीकडे टाकायचा, दुसरं उजवीकडे, आणि समोरचा बचावपटू जागीच फसायचा. सामन्याला सरासरी एकवीस गुण. कोच क्रेबिल यांनी त्या पावलांचा व्हिडिओ देणगीदारांना जेवणाआधी दाखवला, जेवणानंतर पुन्हा दाखवला.

ऑगस्टमध्ये विद्यापीठाच्या कार्यालयाने कळवलं, की जुन्या कॉलेजात संघाकडून खेळल्याबद्दल मिळालेली क्रेडिटं, म्हणजे अभ्यासक्रमाचे श्रेयांक, इथे धरत नाहीत. खेळायला पात्र ठरायला एक क्रेडिट कमी पडत होतं. नोव्हेंबरच्या आत ते मिळालं नाही तर अख्खा हंगाम बाकावर. टेरेलकडे खेळायला दोनच हंगाम उरले होते. आठ आठवड्यांच्या एकाच वर्गात जागा होती : प्राथमिक बास्केटबॉल.

शिकवायला मिसेस यान्सेन. वय सदुसष्ट, गळ्यात शिटी. परीक्षा सोपी : धावत येऊन दहा वेळा चेंडू बास्केटमध्ये टाकायचा, सात वेळा नियमात, म्हणजे चेंडू हातात धरल्यावर दोनच पावलं.

पहिल्याच दिवशी टेरेलने आपली पावलं टाकली. शिटी वाजली.

"पावलं जास्त झाली."

"दोनच होती, बाई! टीव्हीवर सगळे असंच खेळतात."

"टीव्हीवर खूनही करतात. परत जा, सरळ ये."

रांगेत मागे उभी असलेली नर्सिंगची मुलगी म्हणाली, "घाबरू नकोस रे, मलाही आधी जमत नव्हतं."

आठवडाभरात कोच स्वतः आले. "बाई, त्या पावलांसाठीच तर आणलाय त्याला."

"त्याच पावलांसाठी मी त्याला नापास करतेय."

टेरेलने वाद सोडला. आठ आठवडे तो सरळ आला, सरळ उडाला. दहापैकी सात. 'सी' श्रेणी. कोचनी पत्रकारांना सांगितलं, की मुलगा अभ्यासातही चमकला.

पहिला सामना. चार सेकंद उरलेले, एका गुणाने मागे. चेंडू टेरेलच्या हातात, समोर बास्केटखाली उभा सात फुटी बचावपटू, त्यांचा सेंटर. टेरेल सरळ आला, सरळ उडाला. सेंटरने चेंडू अलगद थोपवला, फळ्यावरचं पुसावं तसा. सामना गेला.

"पावलं कुठे गेली तुझी?" कोच ओरडले.

"ती सोडली म्हणून तर खेळतोय, कोच."

प्रेक्षकांच्या तिसऱ्या रांगेत एकट्या मिसेस यान्सेन उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या.