श्रीधर सरांची कंबर

निवृत्त मुख्याध्यापक श्रीधर सरांना जाड माणसांचा तिटकारा होता. लग्नात होतं तेच एकसष्ट किलो वजन साठीतही कायम आहे, हे ते पोलादपुरात भेटेल त्याला ऐकवत. हातपाय वाळत गेले आणि पोट मात्र पुढे आलं, याकडे त्यांनी कधी पाहिलंच नाही. पत्नी कालिंदीला ते रोज दिसत होतं. सरांचे वडील याच अंगलटीचे होते आणि बासष्टाव्या वर्षी अचानक गेले होते.

दोन हजार तीन सालच्या आरोग्य शिबिरात तिने सरांना ओढूनच नेलं. रांगेत पुढे त्यांचा जुना विद्यार्थी हैबती होता, आडव्या अंगाचा शेतकरी.

नर्सने टेप काढली. सरांनी ती बाजूला सारली.

"कंबर बत्तीस इंच. शिंप्याला विचारा, वीस वर्षं हेच माप आहे."

हैबती हसला. "गुरुजी, पँट कमरेला नाय, पोटाखाली बांधलीय तुमी."

"गप रे! शाळेतही अक्कल नव्हती तुला."

कालिंदीने टेप घेतली आणि सरळ त्यांच्या बेंबीवरून गुंडाळली. सरांनी श्वास ओढून पोट आत घेतलं. ती शांतपणे थांबली. श्वास सुटला, तेव्हा टेप चाळीसवर आली.

"चाळीस लिहा," ती नर्सला म्हणाली. "आणि साखरेसाठी रक्तही घ्या. सकाळपासून चहासुद्धा दिलेला नाही मी."

सरांनी हात पुढे केला. चुकलो म्हणायची सवय नव्हती, म्हणून त्यांनी टेप कुठल्या कंपनीची आहे ते विचारलं.