आधी प्रत, मग हात

जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर या. एक बैठी खोली आहे. टेबलावर जेवणाच्या डब्याएवढा एक राउटर उघडा पडलाय, झाकण बाजूला, पोटातली हिरवी पाटी वर. त्या पाटीतून निघालेल्या तीन बारीक तारा लॅपटॉपपर्यंत गेल्यात. टेबलावर दोन डोकी वाकलीत, एक पांढऱ्या केसांचं, एक दोन वेण्यांचं. तुम्ही त्यांच्यामागे उभे राहा. आणि श्वास हळू घ्या, कारण वेण्यावालीच्या हातात सुई आहे.

ती मुंगी. शाळेतलं नाव वेगळं होतं, पण अकरावं सरलं तरी चण एवढीशीच, म्हणून आत्याने ठेवलेलं हेच नाव चिकटलं. आत्या म्हणजे खाणीच्या वसाहतीतली दुरुस्तीवाली. पंखा असो, मिक्सर असो, लोक तिच्याकडेच आणून टाकायचे.

वसाहतीत मोबाइलला रेंज नव्हती. डोंगरापलीकडे जावं तर बस दिवसातून एकच, सकाळची. बाहेरच्या जगाशी बोलायचं ते घरोघरच्या या राउटरवरून. आणि ते बनवणारी कंपनी बुडाली. राउटर असे मिजाशी, की दर महिन्याला कंपनीची परवानगी घेतल्याशिवाय चालायचेच नाहीत. आता परवानगी देणार कोण? सोमवारी घरोघरचे दिवे लाल झाले.

मुंगीची आई दूरच्या शहरात दवाखान्यात होती, बाबा तिच्याजवळ. आज संध्याकाळी तिला ऑपरेशनला नेणार होते. त्याआधी चार ते पाच तिला फोनवर बोलायची मुभा होती. पाचनंतर नाही.

आत्याने शहरातून पेनड्राइव्हवर नवं फर्मवेअर आणून ठेवलं होतं. फर्मवेअर म्हणजे राउटरची अक्कल. ही अक्कल खुली होती, कोणीही वाचावी, कोणीही सुधारावी, कोणाची परवानगी नको. पण ती आत घालायची कशी? राउटर जागा होताना आधी त्यातला बूटलोडर उठतो. हा दारावरचा रखवालदार. चिपमध्ये कंपनीचा शिक्का दिसला तरच तो पुढे सोडतो, आणि दुसऱ्या कोणाचं ऐकत नाही.

"मग त्याला गोंधळवायचं," आत्या म्हणाली. "तो चिप वाचायला लागला की त्याच क्षणी चिपच्या या पायाला सुई टेकवायची. वाचता आलं नाही की तो बावचळतो आणि आपल्यालाच विचारतो, काय करू? मग आपण सांगायचं, यापुढे शिक्का बघू नकोस. माझे हात थरथरतात. तू टेकव."

"आणि चुकलं तर?"

"तर परत. तो काही आपला जावई नाही रुसायला."

अकरा वेळा चुकलं. लवकर टेकवली की राउटर उठायचाच नाही, उशीर झाला की रखवालदार दार लावून मोकळा. बाराव्या वेळी लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर एक छोटी खूण लुकलुकायला लागली. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

"शाब्बास गं मुंगे." आत्याने कपाळावरचा घाम पुसला. "आता आत जे काही आहे त्याची प्रत काढायची, शेवटच्या अक्षरापर्यंत. आधी प्रत, मग हात. या तारांतून पन्नास मिनिटं लागतील. नवं घालायला वीस."

तेवढ्यात दाराशी माणूस आला. खाणीतला पाण्याचा पंप बंद पडला होता, खाली माणसं होती. आत्याने पिशवी उचलली.

"प्रत चालू करून बस. मी येईपर्यंत बाकी कशाला हात लावायचा नाही. कळलं?"

"कळलं."

मुंगी हिशोब करत बसली. प्रत संपणार चारला. मग वीस मिनिटं. म्हणजे चार वीस. आईने बसवाल्याबरोबर निरोप पाठवला होता, बरोबर चारला वाट बघते. चारला फोन लागला नाही तर आईला काय वाटेल? जुनी अक्कल तर कंपनीबरोबर मेलेलीच. मेलेल्याची प्रत कशाला?

साडेतीनला तिने प्रत मध्येच थांबवली. आत्याच्या वहीत हुकूम लिहिलेले होतेच. रखवालदाराची जागा सोडून बाकी सगळी चिप तिने पुसली आणि नवं फर्मवेअर घातलं. चारला दहा कमी असताना दिवा हिरवा झाला. मुंगीने एकटीनेच टाळ्या वाजवल्या.

पण फोन लागेना. राउटर जागा होता, आणि मुका होता.

आत्या आली तेव्हा सव्वाचार झाले होते. तिने पडद्यावर नजर टाकली आणि खुर्चीत बसली.

"प्रत?"

मुंगीने नाही म्हणून मान हलवली.

"प्रत्येक राउटरच्या चिपमध्ये शेवटी एक पान असतं," आत्या हळू म्हणाली. "त्याचा स्वतःचा नंबर, त्याच्या अँटेनाचं माप. कारखान्यात एकदाच लिहितात. दुसऱ्याचं चालत नाही. ते पान गेलं की अँटेना बोलत नाही, आणि लाइन त्याला ओळखत नाही." तिने राउटर उलटा केला. खाली चिकटवलेल्या चिठ्ठीवरचा नंबर तापून कधीच पुसला गेला होता. "हे सांगून जायला हवं होतं मी."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती उठली आणि शेजारच्या बाईंचा राउटर उघडायला त्यांच्या घरी गेली. पुन्हा सुई, पुन्हा प्रत, पुन्हा वीस मिनिटं. सहाला फोन लागला. बाबांनी उचलला.

"आत नेलं तिला," ते म्हणाले. "पाचपर्यंत फोन हातात धरून बसली होती. म्हणाली, लाइनच नसेल, पोरीला बोलू नका."

मुंगीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सहा वाजून गेले होते. प्रत पुरी काढली असती तर चार वीसलाच झालं असतं.

आई त्या ऑपरेशनमधून उठली नाही.

पुढचे दिवस मी सांगत नाही. घर भरलं, रिकामं झालं. बाबा भिंतीकडे तोंड करून झोपायचे. लोक भेटायला यायचे आणि जाताना दारात घुटमळायचे, कारण त्यांचेही दिवे लाल होते आणि विचारायचं कसं ते कळत नव्हतं. आत्याचे हात आता जास्तच थरथरत.

दहाव्या-अकराव्या दिवशी दुपारी क्रेनवाल्याचा मुलगा राउटर काखेत मारून आला. मुंगीच्याच वर्गातला.

"आत्या नाहीत?"

"पडल्यात जरा. काय?"

"ताईचा फोन यायचाय तीनला, बसवाल्याकडून निरोप आलाय. तिला बाळ होणार आहे ना. होईल का तोवर?" तो पायाने फरशी घासत होता. "ते प्रतबित राहू दे. नुसतं घालून दे, लवकर होईल."

मुंगीने घड्याळ पाहिलं. दोन वाजून गेले होते.

"तीनला नाही होणार," ती म्हणाली. "साडेतीन. बस तिथे."

"अगं पण ती वाट बघेल."

मुंगीने झाकण उघडलं, तीन तारा जोडल्या, सुई घेतली. चौथ्या वेळी खूण लुकलुकली. मग तिने प्रत चालू केली, कागदाच्या कपट्यावर त्याचा घर नंबर लिहून तो राउटरला चिकटवला, आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून, पडद्यावर सरकणाऱ्या ओळी बघत बसून राहिली.